बोलोन्याच्या ओस्तेरिया देल सोलेला जाताय? आधी बाजार करा

इटलीत बोलोन्या नावाचं शहर आहे आणि त्या शहराच्या जुन्या बाजारपेठेत एका बोळात ओस्तेरिया देल सोले ही वाइनची जागा आहे. १४६५ पासून ती चालू असल्याचं सांगितलं जातं. पोलंडचा खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकस १४९६ मध्ये बोलोन्याच्या विद्यापीठात कायदा शिकायला आला, तेव्हा तिला तीस वर्षं होऊन गेली होती.

जुनी म्हणून ती बघावीच, पण जायचं खरं कारण वेगळं आहे. इथे प्यायला मिळतं, खायला काहीच मिळत नाही. स्वयंपाकघरच नाही. खाणं आपण बाहेरून आणायचं, टेबलावर मांडायचं आणि वाइन त्यांच्याकडून घ्यायची. पूर्वी इटलीतल्या बऱ्याच ओस्तेरिया अशाच चालायच्या: मालक वाइन विकायचा आणि गिऱ्हाईक घरून किंवा बाजारातून पुडकं बांधून आणायचं. पुढे त्यांच्यात चुली आल्या, मेन्यूकार्डं आली आणि त्यांची रेस्टॉरंटं झाली. ही मात्र तशीच राहिली. त्यामुळे इथे जाणं म्हणजे नुसतं एका दारातून आत शिरणं नाही. आधी बाजार, मग वाइन. बाजार न करता गेलात तर अर्धीच जागा बघून परत याल.

बरेच जण नेमके तसेच जातात. यादीत नाव वाचतात, रिकाम्या हातांनी आत शिरतात, वेटरची वाट बघत बसतात, मग एक फोटो काढून निघतात. पहिल्यांदा जाणाऱ्याचं असं होऊ नये, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

वार आणि वेळ

रविवारी ओस्तेरिया बंद असते. दार उघडतं सकाळी अकराच्या सुमारास आणि रात्री रेस्टॉरंटांच्या मानाने ते लवकर बंद होतं. ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ ऑगस्टच्या आगेमागे, अख्खी इटली सुट्टीवर असते. त्या दिवसांत जाणार असाल तर जागा उघडी आहे ना, हे आधी बघून घ्या.

माझं मत विचाराल तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, जेवणाच्या थोडं आधी जा. अकराला बाजारात पोहोचायचं, तासाभरात खरेदी आटपायची आणि बाराच्या आसपास ओस्तेरियात बसायला जागा धरायची. एक वाजला की आसपासच्या ऑफिसांतली माणसं आणि विद्यार्थी येऊ लागतात. संध्याकाळी सहानंतर तर आपेरितीवोची वेळ, म्हणजे जेवणाआधी मित्रांबरोबर एखादा ग्लास घ्यायची वेळ. तेव्हा आत उभं राहायलाही जागा नसते आणि लोक ग्लास घेऊन बोळात उभे राहतात. त्या गर्दीलाही रंगत आहे, पण पहिली भेट दुपारची असावी. शिवाय संध्याकाळपर्यंत बाजारातला ताजा पाव संपत आलेला असतो.

पोहोचायचं कसं

फ्लोरेन्सहून वेगवान गाडीने बोलोन्या चाळीस मिनिटांच्या आत येतं, मिलानहून साधारण एका तासात, व्हेनिसहून दीड तासात. विमानाने उतरलात तर मार्कोनी विमानतळावरून मोनोरेल सात-आठ मिनिटांत मुख्य स्टेशनवर आणून सोडते. स्टेशनपासून व्हिया देल्लिनदिपेन्देन्झा हा सरळ रस्ता धरून वीसेक मिनिटं चाललं की नेपच्यूनचं कारंजं लागतं आणि त्याला लागूनच पियाझ्झा माज्जोरे हा मुख्य चौक.

या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कमानींच्या ओसऱ्या आहेत. शहरभर मिळून त्यांची लांबी बासष्ट किलोमीटर भरते आणि २०२१ मध्ये त्या युनेस्कोच्या वारसा यादीत गेल्या. पाऊस असो वा ऊन, छत्री न उघडता चालता येतं. भाड्याची गाडी घेऊन मध्यवस्तीत शिरू नका. तिथे वाहनांना मर्यादित प्रवेश आहे, कॅमेरे नंबर टिपतात आणि दंडाचं पत्र घरी येतं. आणि वाइन पिणार असाल तर स्टिअरिंगला हात लावायचाच नाही.

पियाझ्झा माज्जोरेत सान पेत्रोनियो चर्चकडे तोंड करून उभे राहिलात की डाव्या हाताला एक लांबलचक कमानदार इमारत दिसते. तिच्या कमानीखालून पलीकडे गेलं की क्वाद्रिलातेरो, म्हणजे जुनी बाजारपेठ. गल्ल्यांची नावं धंद्यांवरून पडली आहेत: व्हिया पेस्केरिये वेक्ये मासेवाल्यांची, व्हिया द्रापेरिये कापडवाल्यांची, व्हिया देल्यी ओरेफिची सोनारांची. पुण्यात तांबट आळी आणि बुरुड आळी आहेत, तशातलाच हा प्रकार. ओरेफिची आणि पेस्केरिये यांना जोडणारा अरुंद बोळ म्हणजे विकोलो रानोक्की. ओस्तेरिया तिथेच आहे. दाराशी ‘वीनो’, म्हणजे वाइन, एवढीच पाटी शोधा. मोठं नाव, रोषणाई काही नाही, त्यामुळे समोरून निघून जाणं अगदी सोपं आहे. बाजार करायच्या आधी एकदा बोळातून चक्कर मारून दार हेरून ठेवा. मग हातात पिशव्या घेऊन शोधाशोध नको.

बाजार

आता खरं काम. दोघांसाठी पाव, एक-दोन प्रकारचं चीज, मांस खात असाल तर मोर्तादेल्ला, थोडी ऑलिव्ह आणि एखादं फळ एवढं पुष्कळ होतं.

दुकानात शिरल्यावर आधी ‘बुओनजोर्नो’ म्हणा. नमस्कार न करता थेट बोट दाखवून मागणं इथे उद्धटपणा समजतात. गर्दीच्या दुकानांत दाराजवळ नंबराची चिठ्ठी देणारं छोटं यंत्र असतं. चिठ्ठी घ्या, नंबर पुकारला की पुढे व्हा. भाजी-फळांच्या दुकानात फळं हाताने चाचपू नका. दुकानदाराला सांगायचं, तो निवडून देतो.

वजनासाठी एकच शब्द पाठ करा: ‘एत्तो’, म्हणजे शंभर ग्रॅम. ‘ऊन एत्तो’ शंभर ग्रॅम, ‘दुए एत्ती’ दोनशे, ‘मेद्झो एत्तो’ पन्नास. पाटीवरचा भाव कधी किलोचा असतो, कधी एत्तोचा, तो नीट वाचा. चार-पाच गोष्टी चाखायच्या असतील तर प्रत्येकी एक एत्तोपेक्षा जास्त घेऊ नका. इथे डोळ्यांची भूक मोठी असते.

मोर्तादेल्ला ही बोलोन्याची ओळख. डुकराचं मांस अगदी बारीक वाटून, त्यात चरबीचे पांढरे तुकडे आणि मिरी घालून, कोरड्या गरम हवेच्या भट्टीत तासन्‌तास शिजवतात. १६६१ मध्ये कार्डिनल फार्नेझेने फर्मान काढून ती कशी करायची याचे नियम घालून दिले होते, इतकं तिला महत्त्व. मांडीएवढ्या जाड, कधी त्याहून मोठ्या, गुलाबी लोडातून दुकानदार यंत्रावर काप काढत असतो तो क्षण जरूर बघा. काप इतका पातळ निघतो की त्याच्या हातावर तो कापडासारखा दुमडतो. त्या गुलाबी कापात पांढरे चौकोन उठून दिसतात आणि यंत्र फिरत असतानाच मिरीचा वास पुढ्यात येतो. ‘सोत्तीले’ म्हणजे पातळ. हा शब्द वापरा, कारण जाड कापलेल्या मोर्तादेल्लाची चव निम्मीच लागते. काप कागदात सैल गुंडाळून मिळतात. ती पुडी पिशवीत सगळ्यात वर ठेवा.

चीजमध्ये पार्मिज्यानो रेज्जानो घ्यायचंच. ते किमान बारा महिने मुरवलेलं असतं, पण तुम्ही चोवीस महिन्यांचं मागा. सुरीने कापत नाहीत, बदामाच्या आकाराच्या आखूड पात्याने फोडतात, म्हणून तुकडे खडबडीत येतात. तुकड्यात पांढरे कण दिसतील. ते मीठ नाही. मुरताना प्रथिनांपासून तयार झालेले ते स्फटिक आहेत आणि दाताखाली कुरकुरतात. दुकानदाराला लहान तुकडे करून द्यायला सांगा, कारण ओस्तेरियात तुमच्याकडे ते पातं नसणार.

कोणत्या दुकानात जायचं? व्हिया काप्रारियेवरचं ताम्बुरीनी १९३२ पासून आहे. मांसाचे प्रकार बघायला तिथे जा. पाव आणि बेकरीच्या पदार्थांसाठी आत्ती, हे १८६८ चं. पण नावांच्या मागे फार लागू नका. जिथे पिशवी घेतलेल्या म्हाताऱ्या आजी रांगेत उभ्या असतील तिथे उभं राहिलेलं कधीही चांगलं.

शाकाहारी असाल तर

इथे नीट लक्ष द्या. बोलोन्याच्या आसपासच्या खाण्यात डुकराची चरबी बऱ्याच ठिकाणी असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. नुसता पाव वाटतो, तिथेही असू शकते. क्रेशेन्ता आणि तिजेल्ले या इथल्या भाकरी-पावांच्या प्रकारांत ती सर्रास असते. या चरबीला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात. पाव घेताना विचारायचं: ‘चे स्त्रुत्तो?’ म्हणजे यात चरबी आहे का? नुसतं ‘शाकाहारी आहे का’ असं विचारलं तर वर मांस दिसत नाही म्हणून ‘हो’ असं उत्तर येऊ शकतं. म्हणून चरबीचं नाव घेऊनच विचारा.

दुसरी गोष्ट चीजची. पार्मिज्यानो रेज्जानो करताना दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात आणि हा नियमच आहे. त्याला अपवाद नाही. गोर्गोन्झोलासकट इतर पारंपरिक चीजही बहुतेक तशीच. जे हे कटाक्षाने टाळतात त्यांनी ‘काल्यो वेजेताले’, म्हणजे वनस्पतिजन्य विरजण घातलेलं चीज मागावं. काही दुकानांत ते मिळतं आणि वेष्टनावर तसं छापलेलं असतं. ज्यांना याची अडचण नाही त्यांनी निःशंक घ्यावं. पण माहीत असून घ्यावं, एवढंच माझं म्हणणं.

चीज नको असेल तरी टेबल रिकामं राहत नाही. तेलात मुरवलेले आर्टिचोक, वाळवलेले टोमॅटो, भाजलेल्या ढोबळी मिरच्या, हिरवी आणि काळी ऑलिव्ह हे सगळं सुटं, वजनावर मिळतं. जूनच्या आसपास जात असाल तर चेरी घ्या. शेजारच्या मोदेना जिल्ह्यातल्या विन्योलाच्या चेरी प्रसिद्ध आहेत.

जे मांसाहार करतात पण डुकराचं खात नाहीत, त्यांच्यासाठी: मोर्तादेल्ला, प्रोशुत्तो (खारवून वाळवलेली मांडी) आणि बहुतेक सगळे सलामी डुकराचेच असतात. ब्रेसाओला गोमांसाचं असतं.

घरून नेलेला डबा

आपल्याकडचे प्रवासी बॅगेत चिवडा, चकल्या, शंकरपाळे घेऊन निघतात आणि परदेशी हॉटेलात ते चोरून खातात. इथे चोरायचं काही कारण नाही, आणलेलं खाणं हाच इथला रिवाज. चकली काढा, शेजाऱ्यांपुढेही करा. फक्त सगळं घरचंच खाऊ नका. बाजार चार पावलांवर असताना त्याला पाठ दाखवणं बरं दिसत नाही.

बरोबर कागदी किंवा कापडी रुमाल, पाण्याची बाटली आणि दोन हलक्या थाळ्या ठेवा. इथली नेहमीची मंडळी तर कधी घरून टेबलक्लॉथही आणतात. सुरी विमानाच्या हातबॅगेत चालत नाही, म्हणून काप आणि तुकडे दुकानातच करून घ्यायचे.

आत गेल्यावर

आत लांब लाकडी टेबलं, बाकं आणि भिंतीभर जुने फोटो आहेत. कुणी येऊन तुम्हाला जागा दाखवणार नाही. आधी काउंटरवर जा, वाइन मागा, पैसे द्या, ग्लास हातात घ्या आणि मग बसा. जागा धरून ठेवायची तर एकाने पिशव्यांपाशी बसावं, दुसऱ्याने काउंटरवर जावं. खाण्याची पिशवी टेबलावर टाकून वाइन न घेता बसून राहणं हा इथला सगळ्यात मोठा अपराध. ‘जे पिणार नाहीत त्यांनी बाहेर थांबावे’ अशा अर्थाची पाटी इथे प्रसिद्ध आहे, आणि ती खरीच मानायची. जागा चालते ती ग्लासांवरच. तुमच्याबरोबरच्या कुणाला अजिबात काही प्यायचं नसेल तर गर्दीच्या वेळी त्यांच्यासाठी जागा अडवू नका.

टेबलं सामायिक असतात. रिकामी जागा दिसली की ‘पॉस्सो?’, म्हणजे बसू का, असं विचारायचं. शेजारी पत्ते खेळणारे आजोबा असतील, परीक्षा संपवून आलेली मुलं असतील. सुट्टे युरो जवळ ठेवा, काउंटरवरचं काम लवकर उरकतं.

काय मागायचं

वाइनची मोठी यादी समोर आली की नवखा माणूस भांबावतो. इथे तीन नावं पुरतात.

पहिली पिन्योलेत्तो. ही पांढरी वाइन, शहराच्या दक्षिणेच्या टेकड्यांवरची, कोल्ली बोलोन्येझी भागातली. तिच्यात बहुतेक वेळा हलके बुडबुडे असतात, त्याला ‘फ्रिझ्झान्ते’ म्हणतात. बुडबुडे नको असतील तर ‘फेर्मो’ म्हणा. चव कोरडी, किंचित हिरव्या सफरचंदासारखी. दुपारचा पहिला ग्लास हाच घ्या: ‘ऊन कालीचे दी पिन्योलेत्तो, पेर फावोरे.’

दुसरी लाम्ब्रुस्को, मोदेना आणि रेज्जो एमिलियाकडची. लाल वाइनला बुडबुडे असतात हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक नसतं. थंडगार देतात, ओतल्यावर वर जांभळट फेस येतो आणि काही सेकंदांत बसतो. ती गोड असते असा समज बाहेर पसरला आहे, कारण निर्यातीत गोड प्रकार बराच गेला. इथे ‘सेक्को’, म्हणजे कोरडी मागा. सोर्बारा जातीची लाम्ब्रुस्को फिक्या रंगाची आणि आंबटसर, ग्रास्पारोस्सा जातीची गडद आणि थोडी तुरट. मोर्तादेल्लाची चरबी जिभेवर बसते ती तिच्या आंबटपणाने आणि बुडबुड्यांनी धुऊन निघते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. हेच काम ती तळलेल्या चकलीबरोबरही करते. करून बघा.

तिसरी सान्जोवेझे, बोलोन्याच्या पूर्वेकडच्या रोमान्या भागातली लाल वाइन, बुडबुड्यांशिवाय. मुरलेल्या पार्मिज्यानोबरोबर हीच. या द्राक्षाचं आपल्याशी नातं आहे: सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या मळ्यांत सान्जोवेझे लावलेली आहे. घरी ती बाटली प्यायला असाल तर इथे तीच जात तिच्या मायभूमीत कशी लागते, हे ताडून बघायची संधी सोडू नका.

वाइनची सवय नसेल तर घोटघोट प्या आणि प्रत्येक ग्लासामागे पाणी प्या. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण सहा ग्लास होतात. तेव्हा चौघं असाल आणि सगळ्यांना एकच वाइन हवी असेल तर बाटली घेतलेली बरी. इटलीत अठरा वर्षांखालच्यांना दारू विकत नाहीत.

इतरांची जागा आहे, हे लक्षात ठेवून

ही जागा पर्यटकांसाठी उभारलेली नाही. रोज येणारी माणसं आजही आहेत, आणि ती येणं थांबली तर उरतील फक्त भिंतीवरचे फोटो. म्हणून काही गोष्टी मनापासून सांगतो. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. स्पीकरवर गाणी किंवा व्हिडिओ कॉल नको. गप्पा मोठ्याने मारल्या तरी चालतात, सगळेच मारतात. गर्दी वाढली आणि तुमचे ग्लास रिकामे असतील तर आणखी घ्या किंवा उठा. निघताना कागद, साली, तुकडे गोळा करून टाका, टेबल पुसलंत तर उत्तमच. ग्लास काउंटरवर नेऊन द्या आणि ‘ग्रात्स्ये’ म्हणा.

उरलेला दिवस

ओस्तेरियातून बाहेर पडून पाच मिनिटांत दोन मनोरे लागतात. ९७ मीटर उंच असिनेल्ली आणि त्याच्या शेजारचा कललेला गारिसेन्दा. ऑक्टोबर २०२३ पासून गारिसेन्दाभोवती कडं घालून डागडुजी चालू आहे, त्यामुळे बघायचं ते लांबूनच. सान पेत्रोनियोच्या फरशीत खगोलशास्त्रज्ञ कासिनीने १६५५ मध्ये आखलेली मध्याह्नरेषा आहे. छतातल्या भोकातून आलेला सूर्याचा कवडसा रोज दुपारी तिच्यावरून सरकतो. ती बघायची असेल तर ओस्तेरियाची वेळ तासभर पुढे ढकलावी लागेल.

आणि जुन्या वाइनच्या जागांची गोडी लागलीच, तर बोलोन्याहून आगगाडीने अर्ध्यापाऊण तासावर फेरारा आहे. तिथे कथीड्रलला लागून असलेल्या बोळात आल ब्रिंदिझी ही जागा १४३५ पासून असल्याचं सांगतात, म्हणजे आपल्या ओस्तेरियाहून तीस वर्षं थोरली. व्हेनिसमध्ये रियाल्तोच्या बाजारामागे कान्तिना दो मोरी आहे, ती १४६२ ची. या दोन्ही ठिकाणी खायला मिळतं, तेव्हा तिथे बाहेरचं खाणं काढायचं नाही. दो मोरीत तर बसायचीही सोय नाही, काउंटरपाशी उभ्याउभ्याच छोटे छोटे घास घ्यायचे असतात.